दया आणि ममता

संक्रांतीच्या दिवसांत कित्येक ठिकाणी दिसणारा हा प्रकार आहे. झाडावर लोंबणाऱ्या मांजात एखादी घार सापडते, पंख चिरला जातो आणि ती खाली येऊन पडते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो चोरूनमारून मिळतोच. कोणी कनवाळू गृहस्थ ते पाखरू उचलून घरी आणतो. इथवर वाद नाही. वाद आहे तो पाखरू बरे झाल्यावर. पोरे म्हणतात, "आता लळा लागलाय, राहू द्या ना!" वडील माणसेही म्हणतात, "अहो, बाहेर कुत्री-मांजरं. इथं त्याला काय कमी आहे?" मग ठेवावे की सोडावे? खरी भूतदया कशात?

श्रीमद्भागवताच्या पाचव्या स्कंधात भरत राजाची कथा आहे. राज्य सोडून तो गंडकीच्या काठी राहिला होता. सिंहाची गर्जना ऐकून एका गाभण हरिणीने नदीवरून उडी घेतली. पाडस प्रवाहात पडले व ती पलीकडे जाऊन मेली. भरताने पाडस उचलून आणले. पुढे त्याचा चारा, त्याचे खेळ, ते क्षणभर दिसेनासे झाले की जिवाची तगमग. नित्यनेम सारा मागे पडला. अंतकाळीही चित्तात तेच, म्हणून पुढला जन्म हरिणाचा आला.

ही कथा ऐकून पुष्कळ जण म्हणतात, "बघा, दया अंगाशी आली!" पण हा अर्थ बरोबर नव्हे. पाडस वाहून जात असता भरत डोळे मिटून जप करीत बसला असता, तर त्या जपाची किंमत काय? उचलले यात दोष नाही. 'हे माझे' म्हटले, तिथे दोष शिरला. दया त्या जीवाची गरज पाहते, ममता आपली.

आता पाखराची गरज कोणती ते पाहू. आपण मायेने कुरवाळतो, पण रानपाखराला तो शिकाऱ्याचा पंजा वाटतो. त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, मऊ फडक्यावर, उबेला, अंधारात, गडबडीपासून दूर ठेवावे. चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनळीत जाऊन जीव जाऊ शकतो. दूधही देऊ नये, ते पाखरांना पचत नाही. लगेच पशुवैद्य व वनखाते यांना कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडील बहुतेक रानपाखरे, पोपटसुद्धा, घरी पाळता येत नाहीत.

घरट्यातून नुकतेच उतरलेले पिलू तर पुष्कळदा जखमी नसतेच. आईबाप जवळच चारा घेऊन बसलेले असतात. माणसाचा हात लागला की ते पिलाला टाकतात, हा समज खरा नाही. उलट आपणच आई होऊ पाहिलो तर घात होतो. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी अंड्यातून निघालेल्या कलहंसाच्या पिलांसमोर स्वतः राहून पाहिले. ती पिले त्यांनाच आई समजून मागे मागे चालू लागली. माणसाला आई मानणारे पिलू माणसाला भीत नाही आणि आपल्या जातीला ओळखत नाही. म्हणजे ममतेने भरताचेच नुकसान झाले. आपल्या ममतेने पाखराचेही होते.

कोणी विचारील, "पंख कायमचाच गेला असेल तर?" तर सोडणे म्हणजे मांजरापुढे टाकणे, ती दया नव्हे. त्याची सेवा जाणत्यांच्या उपचारकेंद्रात व्हावी. मात्र 'याला आता उडता येणार नाही' हा निवाडा जाणत्याने द्यावा. लळा लागलेल्याने देऊ नये.

सोडताना डोळ्यांत पाणी येईल, ते येऊ द्यावे. पाखरू मागे वळून पाहणार नाही, उपकार मानणार नाही. ते न पाहता उडाले म्हणजे आपली सेवा पुरी झाली, असे समजावे.