सहा महिने कोणासाठी?

दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्यावेत, असं साताऱ्याच्या पोवई नाक्यावर सांगतात आणि सांगलीच्या विश्रामबागेतही. या सल्ल्याला शास्त्राचा आधार किती, हा प्रश्न ऑब्रे शीहॅम यांनी १९७७ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये विचारला होता. पक्कं उत्तर यायला चार दशकं गेली. ब्रिटनमध्ये ५१ दवाखान्यांतल्या २,३७२ प्रौढांची चार वर्षं चाचणी झाली, निष्कर्ष २०२० मध्ये आले. काहींना सहा महिन्यांनी बोलावलं, काहींना ज्याच्या त्याच्या धोक्याप्रमाणे, आणि ज्यांना चालण्यासारखं होतं अशा काहींना दोन वर्षांनी. हिरड्यांतून रक्त येण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

म्हणून ज्याचे दात-हिरड्या धड आहेत, मधुमेह नाही, तंबाखू नाही, त्याने वर्षा-दोन वर्षांनी दाखवलं तरी पुरे, असं माझं मत आहे. मात्र त्या चाचणीतली माणसं मुळातच दवाखान्याची वाट माहीत असलेली होती. माण-खटावच्या किंवा जतच्या ज्या बाईने जन्मात कधी दातांच्या डॉक्टरपुढे तोंड उघडलेलं नाही, तिला हे माप लागू होत नाही.

आणि तिच्या घरात मशेरी असते. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, सकाळी उठल्याबरोबर दातांना लावायची. अनेकींची सुरुवात दाढदुखीवरचं औषध म्हणून होते. ठणका दबतो, सवय लागते; जे दुखणं तिला डॉक्टरकडे घेऊन गेलं असतं तेच मशेरीखाली गप्प होतं. पुरुषांचा तंबाखू-चुना आणि पोरांचा मावा वेगळाच. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळजवळ दर चार प्रौढांमागे एक जण बिनधुराचा तंबाखू घेणारा आढळला.

यांच्यासाठी तपासणी म्हणजे केवळ कीड शोधणं नव्हे. गालाच्या आतला पांढरा किंवा लाल चट्टा, पूर्ण उघडेनासं झालेलं तोंड, दोन आठवड्यांत न भरलेली जखम: हे वेळेत दिसलं तर जीव वाचतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात हे सिद्ध झालं आहे. तिथे प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी तीन-तीन वर्षांच्या अंतराने लोकांची तोंडं नुसत्या डोळ्यांनी तपासली, तेवढ्याने तंबाखू-दारूची सवय असलेल्यांतले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. महागडी खुर्ची नाही, यंत्र नाही.

आपल्या सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा पाहायचं ठरलेलं आहे. मशेरी लावणारीला पाच वर्षं फार झाली. तिचं तोंड दरवर्षी पाहिलं गेलं पाहिजे. कराडला आणि सांगलीला दंत महाविद्यालयं आहेत, शिकाऊ डॉक्टर आहेत. गळीत हंगामात ऊसतोड कामगार महिनोन्‌महिने कारखान्याच्या परिसरात मुक्कामाला असतात. कारखान्यांनी दिवाळीनंतर एकदा या डॉक्टरांना तळावर बोलवावं, तेही कोयता खाली ठेवल्यावर, संध्याकाळी. कारण तपासणीपायी कोणाचा रोज बुडाला, तर पुढच्या खेपेला तो येणार नाही.