दहा श्वासांना एक दाणा

जामखेड तालुक्यात रब्बीची ज्वारी घरात आली की पाठोपाठ उंदीर येतात. त्या साली त्यांनी पोत्यांची तळंच कातरली. शेवटी अहिल्यानगरच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या मुलानं (घरात अजून सगळे नगरच म्हणतात) एका प्राणी-निवाऱ्यातून मांजरी आणली. वर्षा-दीड वर्षाची, करड्या पट्ट्यांची, नसबंदी झाल्याची खूण म्हणून एका कानाचं टोक छाटलेलं. नगरहून जामखेडला येणारा रस्ता मध्येच कडा-आष्टीवरून, म्हणजे बीड जिल्ह्यातून जातो. त्या सगळ्या वाटेनं ती एसटीत, टोपलीच्या कोपऱ्यात, आवाज न करता बसून होती. घरच्यांना वाटलं, किती गुणाची!

खरं तर ती भेदरून गेली होती. मांजर घाबरलं की बहुतेक वेळा ओरडत नाही, दडून बसतं. आणि आपण त्यालाच शहाणपण समजतो.

नाव ठेवलं मनी. आल्या दिवशीच तिच्याभोवती सगळी गल्ली गोळा झाली. पोरांनी तिला या हातातून त्या हातात फिरवलं. नववीतल्या नातीनं तिला अंघोळ घातली, गळ्यात घुंगरू बांधलं आणि रात्री गोधडीत जवळ घेतलं. निवाऱ्यानं दिलेला कागद टोपलीच्या तळाशीच राहिला. आजीला वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं, त्यांनी तो उघडला नाही.

आठवडा सरता सरता मनी शिंकायला लागली. आधी एखाद-दुसरी शिंक, मग लागोपाठ. डोळ्यांना चिकट पाणी, नाकपुड्यांवर खपली. मग तिनं खाणंच सोडलं. दुधाची वाटी तशीच, अंडंही तसंच.

शेजारच्या काकू क्रोसिनची गोळी घेऊन आल्या. "चतकोर दे भाकरीतून. आपण खातोच की. ताप उतरला की खाईल आपोआप." नातीनं गोळी फोडायला घेतली, तशी आजीनं तिचा हात धरला.

"आधी बघितलं का तिला?"

"बघितलं की. सर्दी झालीय."

"हे नाव झालं. बघितलं काय?"

आजीच्या या सवालाला पन्नासेक वर्षांची तालीम होती. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि खेड्यापाड्यांतल्या बायांनाच शिकवून त्या त्या गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. गावानं ज्यांना कधी विचारलं नव्हतं, त्या बाया बाळंतपणं करायला लागल्या, जुलाबाच्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवायला लागल्या. मला हा आपल्या जिल्ह्याचा फार मोठा ठेवा वाटतो. आजी त्यांच्यातलीच एक.

तिनं नातीला मनीपासून हातभर लांब बसवलं. मनी पेंगत होती. "कुशीकडे बघ. वर जाते, खाली येते. वर-खाली मिळून एक. हात लावू नको, नाहीतर खोटा आकडा येईल." मोबाइलवर एक मिनिट लावलं. नात मोजत होती आणि दर दहा श्वासांना आजी पदरातला ज्वारीचा एक दाणा पाटावर ठेवत होती. आकडे लिहिता न येणारीची ही जुनी रीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं कमी शिकलेल्या बायांना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधन केलं, त्यातही हिशोब मण्यांवरच ठेवला.

दोन दाणे आणि वर आठ. अठ्ठावीस.

"हे तिला जास्त का कमी, ते मला ठाऊक नाही," आजी म्हणाली. "माझं शिक्षण माणसाच्या लेकरांचं. आकडा घेऊन दवाखान्यात चल. आणि त्या टोपलीतला कागदही घे."

कागदावर लिहिलं होतं : लसीचा पहिला डोस झाला आहे, दुसरा बाकी आहे. पहिले दोन आठवडे एका शांत खोलीत वेगळी ठेवा. अंघोळ घालू नका.

जनावरांच्या दवाखान्यात गाई-शेळ्यांची रांग होती. डॉक्टरांनी आकडा ऐकला आणि मान हलवली. स्वस्थ झोपलेल्या मांजराचे श्वास तिसाच्या आत असावेत. चाळिशी ओलांडली किंवा तोंड उघडून श्वास घ्यायला लागली, तर तासभरही थांबायचं नाही. मग त्यांचा पहिला प्रश्न : "पॅरासिटामॉल, म्हणजे क्रोसिन, दिली नाही ना?" मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही. रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. एका गोळीनंही जीव जातो. नाकाला लावायचा बामही तसाच, त्यात कापूर असतो आणि मांजर अंग चाटतं.

आजार हर्पीस नाहीतर कॅलिसी विषाणूचा, बहुतेक मांजरांची सर्दी या दोघांमुळेच होते. दाटीच्या ठिकाणी तो झपाट्यानं पसरतो. लसीनं आजार हलका होतो, पण पूर्ण टळतोच असं नाही. हर्पीस तर एकदा शिरला की अंगात दबा धरून राहतो आणि ताण पडला की आठवड्याभरात वर येतो. प्रवास, परकं घर, अंघोळ, गर्दी, सगळं एकदम झालं होतं. नातीचा चेहरा उतरला. डॉक्टर म्हणाले, "माणसाला लागत नाही हे. दुसऱ्या मांजरांना लागतं, म्हणून हात धुवायचे. आणि तिला खायला लागू दे. नाक बंद आहे, वास येत नाही, म्हणून खात नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं."

मग मागची खोली मनीची झाली. घुंगरू निघालं. एक उलटं खोकं, एक वाटी, राखेचं घमेलं. पोरांना दार बंद. नात दिवसातून दोनदा तिला न्हाणीत नेई, कडकडीत पाण्याची बादली लांब ठेवून दार लावून घेई आणि वाफेत दहा मिनिटं नुसती बसून राही. पाण्यात काही टाकायचं नाही. मग कोमट पाण्यात बुडवलेल्या सुती कापडानं डोळे आतून बाहेर पुसायचे, प्रत्येक डोळ्याला वेगळा कोपरा. नाकाची खपली ओढायची नाही, भिजवायची. डॉक्टरांनी वजनावर बेतून दिलेली डॉक्सीसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी दिली की लगेच थोडं पाणी पाजायचं, कारण ती गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथं जखम होते. आठवडी बाजारातली सुकट धुऊन, खारटपणा काढून, गरम करून वाटीत ठेवली, तेव्हा मनीनं मान वर केली. बराच वेळ हुंगलं. मग दोन तुकडे खाल्ले.

रोज झोपेत श्वास मोजणं मात्र नातीनं सोडलं नाही. पुढे मनी बरी झाली, लसीचा दुसरा डोस झाला, पोत्यांपाशी फिरायला लागली, तरी एखादी शिंक आली की नात दाणे घेऊन बसायचीच. काकू हसायच्या.

पावसाळ्याच्या तोंडावर काकूंचा दीड वर्षाचा नातू खोकत होता. काकू त्याला कडेवर घेऊन ओट्यावर आल्या. "काही नाही, हवा बदललीय. रात्री वाफ दिली की उतरेल." नात त्याच्या पोटाकडे बघत राहिली. मग तिनं विचारलं, "काकू, याला जरा मांडीवर निवांत धरता का? आणि सदरा वर करा." तिनं घड्याळ लावलं. पाचवा दाणा पाटावर पडला, तेव्हा मिनिट संपायचं होतं. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची छाती आत ओढली जात होती.

"आजी, या वयाला किती?"

"चाळीस झाले की धोका." आजी उठून उभी राहिली होती. "आणि छाती आत जाते म्हणजे घरी ठेवायचं नाही."

काकूंनी पोराला छातीशी धरलं. नातीनं १०८ ला फोन लावला आणि पलीकडून विचारण्याआधीच सांगायला लागली : दीड वर्षाचं बाळ, मिनिटाला पन्नासच्या वर श्वास, छाती आत ओढली जातेय, गाव जामखेड तालुक्यातलं.