हातची भेट

दिवाळीची भेटवस्तू विकत आणली, की ती देण्यापूर्वी आपण एक काम न चुकता करतो. तिच्यावरची किमतीची चिठ्ठी खरवडून काढतो. नखाने निघाली नाही तर पाण्याचे बोट लावतो. हा शिष्टाचार खरा. पण त्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. जिची किंमत सांगता येते तो माल. जिची सांगता येत नाही ती भेट. हाताने केलेल्या वस्तूवर अशी चिठ्ठी मुळातच नसते. म्हणून हातची भेट श्रेष्ठ आणि विकतची कनिष्ठ, असा निवाडा आपण देऊन टाकतो. मला मात्र हा निवाडा वाटतो तितका सोपा वाटत नाही.

आमचे घाटनांदूर अंबाजोगाई तालुक्यातले, परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. इथल्या घरांत पैठणी क्वचितच सापडेल. पण गोधडी नाही असे घर शोधूनही सापडायचे नाही. लुगडे नेसून नेसून विटले, धुऊन धुऊन मऊ झाले, की त्याचा दुसरा जन्म सुरू होतो. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर अंथरायचे, कडेने धावदोरा घालीत निघायचे आणि चौकोनाच्या आत चौकोन करीत मध्यापर्यंत पोहोचायचे. लेक बाळंतपणाला आली की आजीच्या लुगड्याचे दुपटे होते. नव्या कापडाचा खरखरीतपणा त्यात नसतो. आजीच्या अंगाने तो आधीच सोसून घेतलेला असतो.

शेजारच्या मावशींच्या हाताला या कामाचे मोठे यश. त्यांच्याकडे एकदा शहरातल्या एका पाहुण्यांनी गोधडी मागितली. मावशींनी मजुरी सांगितली. पाहुणे हसत म्हणाले, “मावशी, तुम्ही तर ही मायेनं शिवता. मायेचे एवढे पैसे?” मावशींनी सुई खाली न ठेवताच उत्तर दिले, “माया नातीच्या गोधडीत घातली, दादा. तिचे टाके म्या मोजले न्हाईत. तुमचे मोजावंच लागतील.”

या उत्तरात एक सबंध नीतिशास्त्र आहे, असे मला वाटते. सुई तीच, दोरा तोच, टाकाही तोच. पण एकीकडे ते देणे आहे आणि दुसरीकडे मजुरी. देणे असेल तर किंमत विचारू नये. मजुरी असेल तर मायेचे नाव काढून ती बुडवू नये. आपण नेमके याच्या उलट वागतो. यंत्रावर झालेल्या वस्तूची छापील किंमत मुकाट्याने मोजतो आणि हातांनी केलेल्या वस्तूपाशी आलो की घासाघीस करतो. ‘प्रेमाला मोल नसते’ हे वाक्य उदात्त खरे; पण बायकांच्या कामाच्या बाबतीत त्याचा अर्थ पुष्कळदा ‘त्याचे काही द्यावे लागत नाही’ एवढाच उरतो.

रुखवताचेच पाहा. मण्यांचे तोरण, क्रोशाचे रुमाल, कोरलेले खोबरे. या साऱ्यांत मुलीच्या आणि तिच्या मावश्या-आत्यांच्या किती संध्याकाळी गेलेल्या असतात! हौसेने केले तर त्यासारखा उत्सव नाही. पण सासरची माणसे काय म्हणतील या धाकाने डोळे शिणवले असतील, तर त्या तोरणाला भेट कसे म्हणावे? हल्ली शहरांत रुखवत तयार मिळते, भाड्यानेही मिळते. जुनी माणसे हळहळतात. मला वाटते, धाकाने विणलेल्या रुमालापेक्षा भाड्याचे रुखवत अधिक प्रामाणिक. आणि ऊस तोडून आलेली बाई बाजारातून लेकरासाठी झबले घेते, ते विकतचे म्हणून हलके ठरवायचे काय? त्या झबल्यात तिचे हात नाहीत असे कोण म्हणेल?

तेव्हा वस्तू हातांनी केली, एवढ्याने भेट होत नाही. हात मोकळा असावा लागतो, आणि काम करताना मनात कुणीतरी असावे लागते. मग घेणाऱ्यावरही एक जबाबदारी येते. तिची आठवण करून देणारी एक गोष्ट दूरदेशीची आहे. १९१५ पासून तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा भयंकर संहार झाला. त्यात पोरक्या झालेल्या मुलींपैकी काही लेबनॉनमधल्या गझीर येथील अनाथाश्रमात वाढल्या. अमेरिकेतून आलेल्या मदतीवर हा आश्रम चालत असे. त्या उपकाराची जाण म्हणून मुलींनी एक गालिचा विणला. त्यात ४४,०४,२०६ गाठी आहेत. १९२५ साली तो अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्व्हिन कूलिज यांना अर्पण करण्यात आला. ज्यांच्यापाशी घर नव्हते, आईबाप नव्हते, त्यांनी जवळ होते ते दिले: बोटे आणि दिवस. पुढे कूलिज यांच्या कुटुंबाने १९८२ साली तो व्हाइट हाउसला परत दिला. त्यानंतर तो बहुतेक काळ कोठारात राहिला. २०१४ साली काही दिवस लोकांना पाहायला मिळाला.

अध्यक्षांच्या दिवाणखान्यातल्या वस्तूंवर मी काय बोलावे? पण आपल्या घरी तरी निराळे काय घडते? लेकीने विणलेला रुमाल ‘खराब होईल’ म्हणून पेटीत जातो, आईची गोधडी माळ्यावर चढते. जपणूक या नावाखाली आपण त्या वस्तूला विसरून जातो. हातच्या भेटीची फेड पैशाने होत नाही, कौतुकाच्या चार शब्दांनीही होत नाही. ती वापरण्यानेच होते.

दिवाळी सरली की आमच्या भागातली कितीतरी बिऱ्हाडे कारखान्यांकडे ऊसतोडीला निघतात. सामान बेताचेच असते, पण त्यात गोधड्या असतात. फडाजवळच्या कोपीत, पहाटेच्या थंडीत, ती गोधडी लेकराच्या अंगावर असते. हंगाम संपेपर्यंत ती विरते, काठ उसवतात. घरी परतल्यावर तिच्यावर आणखी एक जुने लुगडे चढते, आणि सुई पुन्हा कडेपासून निघते.