'चेंगराचेंगरी' या शब्दाविषयीं

२३ नोव्हेंबर १९९४ रोजीं, नागपुरांत विधिमंडळाचें अधिवेशन चालू असतां, गोवारी समाजाच्या मोर्चांत ११४ माणसें चिरडून मेलीं. बहुतेक स्त्रिया व मुलें. आम्ही तेव्हां विद्यार्थिदशेंत होतों. सर्वांच्या तोंडीं एकच शब्द होता : चेंगराचेंगरी. मोठा सोयीचा शब्द! त्याला कर्ताच नाहीं. गर्दीनें गर्दीस मारलें, कीं निवाडा संपला.

पण ही गुरें राखणारी माणसें आलीं होतीं कशासाठीं? सरकारी यादींत 'गोंड गोवारी' असे शब्द आहेत. ही जमात एक कीं दोन, मध्यें स्वल्पविराम हवा कीं नको, एवढाच वाद! २०१८ सालीं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें गोवारींच्या बाजूनें निर्णय दिला. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. यादी आहे तशीच वाचणें हा न्यायालयाचा धर्मच होय. तथापि दाराशीं आलेल्याचें म्हणणें वेळीं ऐकून घेणें, हें ऋण त्याची मागणी खरी कीं खोटी यावर अवलंबून असतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

बेसा येथून शहरांत येणारे आमचे विद्यार्थी सीताबर्डीच्या ज्या उड्डाणपुलावरून जातात, त्याचें नांव 'आदिवासी गोवारी शहीद' असें आहे. त्यांतला पहिला शब्द यादीच्या वादांत टिकला नाहीं. पुलावर मात्र आहे.