आईचा त्याग आणि लेकीचें आयुष्य

त्यागाची थोरवी गातांना त्याची किंमत कोणीं दिली, हा हिशेब आपण सहसा करीत नाहीं. केडगांवच्या मुक्ति मिशनमध्यें पंडिता रमाबाईंनीं निराश्रित मुलींना आसरा दिला. त्यांत अंध मुलीही होत्या. त्यांना ब्रेल लिपि शिकविण्याचें काम रमाबाईंची एकुलती एक कन्या मनोरमाबाई यांनीं पत्करलें. जिच्या हातीं भिक्षापात्राखेरीज कांहीं यावयाचें नव्हतें, ती मुलगी बोटांनीं वाचूं लागली! ही सेवा लहान नव्हे. पण १९२१ सालीं, अवघ्या चाळीस वर्षांच्या असतां, मनोरमाबाई वारल्या. आई पुढच्याच वर्षीं गेली.

आईनें स्वतःचें आयुष्य वाहावें, हा तिचा अधिकार. लेकीचें कसें वाहावें? मनोरमाबाई सुशिक्षित होत्या, त्यांनीं तें राजीखुशीनें दिलें, त्यांना बळी म्हणणें हा त्यांचाच अपमान, असें कोणी म्हणेल. आणि तें बरेंचसें खरें आहे. तथापि १८८९ मध्यें शारदासदन उघडलें तेव्हां त्या जेमतेम सात वर्षांच्या होत्या. तेव्हांपासून आई इतरांशीं वांटून घ्यावी लागली, तिची निवड सर्वस्वीं स्वतंत्र होती असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं. अर्थात् त्या अंध मुलींना विचारलें असतें, तर उत्तर निराळें आलें असतें.