जिताड्याचे लिंग आणि निसर्गाची साक्ष

कर्जतची उल्हास वसईच्या खाडीकडे वळते. खालापूरची पाताळगंगा, खोपोलीच्या वीजगृहातून १९१५ पासून सुटणारे पाणी घेऊन, धरमतरच्या खाडीला मिळते. त्या खाडीचा मानाचा मासा जिताडा. मराठी व्याकरणात तो निःसंशय पुल्लिंगी आहे. जीवशास्त्रात मात्र तो नर म्हणून वयात येतो आणि बहुधा सहा ते आठ वर्षांनी मादी होतो. तेव्हा ‘केवढा हा जिताडा!’ असे कौतुक ज्याच्या वाट्याला येते, ती बहुतेकदा मादी असते.

या स्थित्यंतरामागे संप्रेरके आहेत. अरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रॅडिऑलमध्ये रूपांतर करते. त्याचे कार्य वाढले की वृषण ओसरतो आणि अंडाशय घडतो. मोठ्या देहात अधिक अंडी मावतात, हा या क्रमाचा लाभ. हेकरूच्या जातींत हाच क्रम उलटा असतो.

येथे प्रश्न उपस्थित होतो तो निसर्गाच्या साक्षीचा. ‘निसर्गात असे घडत नाही’, म्हणून तृतीयपंथीयांना अनैसर्गिक ठरविणारा युक्तिवाद जिताडा खोटा पाडतो. परंतु ‘निसर्गात असे घडते, म्हणून ते न्याय्य’ हा प्रतिवादही त्याच साच्यातला आहे. हाच जिताडा स्वजातीची पिलेही गिळतो; त्यावरून कोणी नीतिशास्त्र रचीत नाही. दृष्टान्त आक्षेपाचे निरसन करू शकतो. हक्काची स्थापना करू शकत नाही.

महाभारतातील शिखंडीच्या परिवर्तनामागे अंबेचा संकल्प आणि अन्यायाची स्मृती आहे. जिताड्याला जीवनक्रम आहे, आत्मकथन नाही. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख ठरविण्याचा अधिकार व्यक्तीचा मानला, तो संविधानातील समता, स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा यांच्या आधारे. हा आधार सोडून संप्रेरकांचा आश्रय घेतला, तर ज्याच्या रक्तात असा पुरावा सापडणार नाही त्याचे म्हणणे आपोआप अग्राह्य ठरेल. मुक्तीसाठी पुढे केलेला दृष्टान्त मग तपासणीचे हत्यार होईल.

जिताड्याला आपण ‘तो’ म्हटल्याने त्याचे काही बिघडत नाही. तो शब्द आपल्या सोयीचा. माणूस मात्र तो शब्द ऐकतो, आणि नाकारूही शकतो. नैतिक प्रश्न सुरू होतो तो या नकारापाशी, माशापाशी नव्हे.