मशेरी : व्यसन न मानलेले व्यसन

व्यसन हा शब्द उच्चारला की मराठी समाजाच्या डोळ्यांसमोर दारूचा गुत्ता, गर्दची पुडी किंवा तोल गेलेला पुरुष उभा राहतो. अनेक घरांत पहाटे बोटाने दातांवर फिरणारी मशेरी त्या चित्रात कुठेच नसते. तंबाखूची पाने तव्यावर काळी पडेपर्यंत भाजून आणि हाताने चुरून केलेली ही पूड दात घासण्याच्या नित्यकर्माआड दडलेली असल्यामुळेच तिला व्यसनाचे नाव चिकटलेले नाही.

शरीराला मात्र हा भेद कळत नाही. तंबाखूतील निकोटीन हिरडी व गालाच्या आतील पातळ त्वचेतून रक्तात उतरते, मेंदूत डोपामाइन या सुखाच्या जाणिवेशी निगडित रसायनाचे प्रमाण वाढवते, आणि हा पुरवठा रोजचा झाला की त्याच्यावाचून मेंदूचे चालेनासे होते. या स्थितीला अवलंबित्व म्हणतात. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोके धरते, असे बायका सांगतात, त्यात या अवलंबित्वाचीच कबुली असते. कारण निकोटीन थांबताच बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड ही लक्षणे उद्भवतात, पुन्हा मशेरी लावताच ती शमतात, आणि ज्याने दुखणे लावले त्यालाच औषधाचा मान मिळतो. मग सकाळपुरती असलेली डबी दुपारी आणि निजण्यापूर्वीही उघडू लागते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते, तर मशेरी, गुटखा, खर्रा अशा धूरविरहित तंबाखूचे सेवन २४.४ टक्के करत होते. धूर नाही म्हणून धोका नाही, हा समज घातक आहे. तंबाखूतील नायट्रोसामाइन ही कर्करोगकारक संयुगे थेट तोंडाच्या अस्तरावर काम करतात. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले.

भूक मारून कामाला जुंपून घेणाऱ्या बाईला मशेरीचा आधार वाटतो, हे समजून न घेता तिला दोष देणे अन्यायाचे ठरेल. शिवाय मशेरी भाजायला तव्यापाशी बसवलेली मुलगी ही सवय आईकडून घरकामासारखीच उचलते; तिला बिघडवणारी कोणतीही वाईट संगत तिथे नसते. ज्या व्यसनाची लाज वाटत नाही, त्यावर उपचार मागायला कोणी जात नाही, आणि कलंक नसण्याची सोयच येथे सापळा बनते. गरोदरपणाच्या तपासणीत ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले, तर मशेरी लावणारी स्त्री अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल, कारण ती तंबाखू खात नाही, दात घासते. म्हणून ‘दात कशाने घासता?’ हा साधा प्रश्न आपुलकीने विचारला जाईल, तेव्हाच या व्यसनावरील उपचाराला खरी सुरुवात होईल.